जुन्या गाड्यांचे चांगले पार्ट: डबाबंद, विलायती की इथेच घडवलेले?

खाडीकाठ | रत्नागिरी

मंडळी, थेट विषयाला हात घालतो. घरी स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री आहे, चार दारांची, ९४८ सीसीची. आरसीवर साल १९७०. वडिलांनी सेकंडहँड घेतली होती आणि अजून रस्त्यावर आहे. इंजिन सुरेख चालतं, गिअरबॉक्सची तक्रार नाही. बाकीच्या गोष्टींनी मात्र जीव मेटाकुटीला आणलाय.

पुढच्या चाकांचे ट्रुनियन खिळखिळे झालेत. व्हील सिलिंडरची रबरं पावसाळ्याआधी नवीन घातली, ती गणपतीपर्यंत फुगली आणि पिस्टन अडकायला लागले. पुढच्या काचेच्या रबराला चिरा पडल्यात, सर आली की पाणी डॅशबोर्डमागे. डाव्या मागच्या दाराची काच माकडांनी पाडलेल्या शहाळ्याने फुटली, तिथे सध्या प्लास्टिक लावलंय.

मुंबईत फोन केले तर हेराल्डचं नाव ऐकूनच नकार येतो. एक जण जुना डबाबंद माल दाखवतो, म्हणजे त्या काळी बनलेला पण न वापरलेला, खोक्यावर छान जुनी छपाई, भाव सांगेल तो. दुसरा म्हणतो इंग्लंडहून मागवा. आमचे मिस्त्री म्हणतात, कशाला तो खटाटोप, इथेच लेथवर टर्न करून घेऊ. तिघांपैकी ऐकायचं कुणाचं? पैसे घालायची तयारी आहे, पण या खाऱ्या हवेत टिकेल असाच माल हवा. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी लिहा, गाडी कुठलीही असो.

लाल_माती | लांजा

आधी फोटो टाका! हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, ते बघायला आम्ही शाळा सुटल्यावर गॅरेजपुढे उभे असायचो. वाचनखूण साठवली आहे.

पाना_नंबर_तेरा | चिपळूण

खाडीकाठ, यादीतली सगळी कामं एका मापाने मोजू नका. काच फुटली तर माणूस भिजतो. ट्रुनियन गेला तर चाक आत दुमडतं. म्हणून गाडी आजच जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली तर ती सोडवेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खालचा ट्रुनियन म्हणजे ब्राँझचा ठोकळा, आतून आटे पाडलेला. त्यात स्टीलच्या उभ्या लिंकचं आटेदार टोक बसतं आणि स्टिअरिंग वळवलं की ती लिंक त्या आट्यांतच फिरते. उजवीकडचे आटे उजवे, डावीकडचे डावे, म्हणजे अदलाबदल नाही. इथे कारखान्याच्या सूचनेप्रमाणे ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. आपल्याकडे काय होतं, निपलची जागा दिसली की मिस्त्री ग्रीस गन लावतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, काही वर्षांत वाळून वाटच बंद करतं. पाण्याला मात्र वाट मिळते. स्टीलच्या आट्यांच्या मुळाशी गंज धरतो, तिथून चीर, आणि एक दिवस लिंक तुटते. समुद्राकाठी हे सगळं लवकर होतं.

आता पार्ट. दुकानात ‘हेराल्ड’ म्हणून विचारू नका, ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ म्हणून शोधा. ती १९६२ ते १९८० बनली आणि तिचं पुढचं सस्पेन्शन हेराल्डवरूनच घेतलेलं. इंग्लंडात स्पिटफायर आजही ढिगाने आहेत, त्यामुळे ट्रुनियन, बुश, वरचे बॉल जॉइंट नवे बनतात. मधल्या वर्षांत बारीकसारीक बदल झालेत, म्हणून पार्ट नंबर ताडून बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबसारख्या तिकडच्या क्लबांत आधी विचारा की सध्या कुणाचा माल चांगला येतोय. सगळा विलायती माल चांगला नसतो, तिथेही हलकं ओतकाम विकलं जातंच. शिवाय टपालखर्च आणि कस्टम धरून हिशेब करा, नाहीतर पार्सल दारात आल्यावर धक्का बसतो.

गजाली_कट्टो | मालवण

माझ्या आजोबांची फियाट अजून मांगरात उभी आसा. वर ताडपत्री, खाली कोंबड्यो. पार्ट मिळतले काय म्हणून ह्यो धागो वाचतंय. लिवत ऱ्हवा.

लाल_माती | लांजा

कोंबड्या सीटवर अंडी घालत असतील तर गाडी अजून उत्पादक आहे, विकू नका :)

बंदरावरचा | मिरकरवाडा

पाना_नंबर_तेरा यांचा मुद्दा कळला, पण इंग्लंडशिवाय इलाजच नाही हे पटत नाही. आमच्या धक्क्यामागे लेथची दुकानं आहेत, तिथे ट्रॉलरच्या शाफ्टचे बुश रोज बनतात. खाऱ्या पाण्यात दिवसरात्र फिरणारी वस्तू बनवणाऱ्या माणसाला ब्राँझ आणि गनमेटल कुणी शिकवायची गरज नाही.

माझी जुनी जीप आहे. तिच्या पाट्यांच्या शॅकलला आटेवाले बुश असतात, काही डाव्या आट्यांचे. बाजारातले लावले की सहा महिन्यांत कुरकुर. शेवटी एक जुना बुश घेऊन लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तो रॉकेलमध्ये घासून पुसला, खिडकीपाशी नेला आणि पिच गेजची, म्हणजे आट्यांमधलं अंतर जुळवायची, पानं एकामागून एक आट्यांवर टेकवायला सुरुवात केली. पान टेकवायचं, डोळ्यासमोर उजेडात धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुढचं पान. उजेड दिसेनासा झाला तेव्हा बोलले, ‘इंची आहे, मेट्रिकने कापला असता तर आठवड्यात खाल्ला असता.’ नंतर आटे किती झिजलेत ते झिजल्या जागी न मोजता कडेच्या कोऱ्या आट्यांवर मोजलं. असा माणूस गावात असताना बाहेर का जायचं?

पाना_नंबर_तेरा | चिपळूण

बंदरावरचा, तुमच्या काकांना नमस्कार सांगा. झिजलेल्या जागेची नक्कल करायची नाही, कोऱ्या जागेची करायची, हे समजणारे टर्नर कमी. ब्राँझचा ठोकळा ते नीट बनवतील याबद्दल माझी शंका नाही. माझा विरोध फक्त उभ्या लिंकला आहे. ती फोर्जिंग आहे, ठोकून घडवलेलं स्टील. तिच्या जागी कुणी साधा माइल्ड स्टीलचा दांडा टर्न करून दिला तर दिसायला तीच वस्तू, ताकद मात्र तेवढी नाही. ओढाताण, खड्डे, आंबा घाटातलं वळण, सगळं तिच्यावर येतं. ती एक वस्तू विकतच घ्या.

बंदरावरचा | मिरकरवाडा

हे मान्य. लिंक विकत, ठोकळा धक्क्यावर.

वशिष्ठी | चिपळूण

मी रबर मोल्डिंगच्या धंद्यात आहे, म्हणून दुसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते.

खाडीकाठ, रबरं फुगली हे वाचल्यावर माझा पहिला संशय रबरांच्या किटवर नाही. ब्रेकमध्ये आपण डॉट ३ किंवा डॉट ४ घालतो, ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. त्यात ईपीडीएम किंवा एसबीआर रबर वर्षानुवर्षं टिकतं. पण याच रबरांना पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ती फुगतात. नायट्राइल रबराचं बरोबर उलट: पेट्रोल, ऑइल चालतं, ब्रेकचं ग्लायकॉल चालत नाही. त्यामुळे दोन शक्यता आहेत. एक, कुणीतरी नायट्राइलच्या वाट्या (पिस्टनवरची रबरं) ब्रेक किट म्हणून विकल्या. दोन, रबर बरोबर होतं पण बसवताना चुकीचं काही लागलं. मिस्त्रींना दोन गोष्टी विचारा: सिलिंडर कशाने धुतलं आणि वाट्या बसवताना काय लावलं?

नवीन किट आलं की घरी तपासता येतं. एक वाटी कॅलिपरने मोजा, झाकणबंद बाटलीत ब्रेक ऑइलमध्ये दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवा, पुसून परत मोजा. किंचित फरक चालतो. डोळ्यांना दिसेल इतकी फुगली किंवा बोटाला काळं लागलं तर परत करा.

डबाबंद जुन्या मालाबद्दल माझं मत ठाम आहे. धातूची वस्तू असेल तर जरूर घ्या: गिअर, जेट, क्रँक, पितळी फिटिंग, वाल्व्ह. त्या काळचं स्टील आणि मशिनिंग उत्तम असायचं, फक्त गंज बघून घ्या. पण रबर डब्यातसुद्धा म्हातारं होतं. ओझोन, उष्णता, आपली दमट हवा, सगळं आपलं काम करत असतं. १९७५ सालचं रबर न वापरलेलं असलं तरी १९७५ सालचंच. खोक्याच्या छपाईचे पैसे देऊ नका.

खाडीकाठ | रत्नागिरी

वशिष्ठी ताई, विचारलं. पेट्रोलने धुतलं आणि पिस्टन सुळकन जावा म्हणून चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस लावलं. म्हणजे किटचा दोष नसावा असं दिसतंय. आता फक्त वाट्या बदलून भागेल का?

वशिष्ठी | चिपळूण

नाही भागणार. ग्रीस द्रवात मिसळलं की सगळ्या लाइनमध्ये फिरतं. मास्टर सिलिंडरची रबरं, चारही व्हील सिलिंडर, लवचिक होज, सगळं नवीन घाला. लोखंडी नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा. आणि यापुढे रबरं बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक असेंब्लीचं खास ग्रीस, दुसरं काही नाही.

सिलिंडरच्या आत नख फिरवून बघा. खड्डे लागले तर होनिंग करत, म्हणजे आतून घासत बसू नका, पितळेचा किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह (आतली नळी) बसवून मूळ मापाला आणा. कोल्हापूरला हे काम होतं. माप सहसा सिलिंडरच्या ओतकामावरच इंचात लिहिलेलं असतं. दुसऱ्या गाडीचं जवळपासचं सिलिंडर बसतंय म्हणून लावू नका. बोअर, म्हणजे आतला व्यास, बदलला की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक आधी लॉक होऊ शकतं.

अष्टागर | अलिबाग

अप्रतिम माहिती. मी पद्मिनीवाला, म्हणजे आपली फियाटच. ६८ चा बोअर, ७५ चा स्ट्रोक, १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली.

वर्षानुवर्षं आम्हाला पार्टची चिंताच नव्हती, कारण मुंबईत काळी-पिवळी होती. टॅक्सीला जे लागतं ते कुठल्याही कोपऱ्यावर मिळायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मधली, वीस वर्षांची मर्यादा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली आणि ती गिऱ्हाइकी थांबली. माझ्या ओळखीच्या एका दुकानाने उरलेला माल गठ्ठ्याने काढला, मी त्यातून वॉटर पंप आणि किंगपिनचे सेट उचलले. ज्यांना फियाट ठेवायची आहे त्यांनी आत्ताच जमवाजमव करावी. गजाली_कट्टो, हे तुमच्यासाठी खास.

एक सावधगिरी मात्र. टॅक्सीसाठी बनलेला बराच माल ‘आजचा दिवस निघाला पाहिजे’ या हिशेबाचा असायचा. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे कंडेन्सर आणि रोटर तर फारच. नवा रोटर लावला, पाच किलोमीटरवर गाडी बंद, जुना लावला की चालू, हा अनुभव अनेकांना असेल. रोटरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट असतं, खालचं प्लास्टिक पातळ असेल तर ठिणगी तिथूनच दांड्याला जाते. म्हणून मी विकत घेतलेला प्रत्येक नवा कंडेन्सर आणि रोटर गाडीत लावून मांडव्यापर्यंत फिरवून आणतो आणि चांगला निघाला की मगच स्पेअरच्या डब्यात टाकतो. न तपासलेला स्पेअर पार्ट अडीअडचणीला कामाचा नाही.

मोती_तलाव | सावंतवाडी

यात माझी भर: बेअरिंग आणि ऑइल सील गाडीच्या नावाने कधीच मागू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर, मग ते पंपात असो, गाडीत असो की पिठाच्या गिरणीत. सीलचंही तसंच, शाफ्टचं माप, घराचं माप आणि जाडी. कुडाळच्या एमआयडीसीत पंपाच्या सीलवाल्याकडे मला हवं ते माप हातोहात मिळालं, कुठल्या गाडीचं हे त्याने विचारलंसुद्धा नाही. चांगल्या कंपनीचं घ्या, एवढंच. किंमत मूळ ‘क्लासिक’ पार्टच्या मानाने किरकोळ.

जुनं बेअरिंग गंजून नंबर दिसत नसेल तर कॅलिपरने तिन्ही मापं घ्या. इंची टेपर रोलर असेल तर दशांशाच्या तीन घरांपर्यंत, कारण शेजारशेजारच्या नंबरांत फार थोडा फरक असतो.

हर्णै_बंदर | दापोली

मी तर आता सगळे नट-बोल्ट स्टेनलेसचे करून टाकले. निसर्ग वादळात शेड पडली, गाडी दोन महिने उघड्यावर होती, सगळे बोल्ट एकजीव झाले होते. कापून काढावे लागले. एकदाच स्टेनलेस लावा, कटकट संपली.

पाना_नंबर_तेरा | चिपळूण

बॉनेट, बंपर, नंबरप्लेट, सीट, मडगार्ड, इथे स्टेनलेस लावा, माझी काही हरकत नाही. पण सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्टला कृपया नको. बाजारात मिळणारा स्टेनलेस बोल्ट बहुतेक ए२-७० दर्जाचा. त्याची तुटण्याची मर्यादा ७०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जाण्याची ४५०. साध्या ८.८ दर्जाच्या बोल्टची ८०० आणि ६४०. चमकतो म्हणून तो जास्त मजबूत नसतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांना चावतात. सस्पेन्शनला ८.८ किंवा १०.९, झिंक केलेला, आणि वरून मेण किंवा ग्रीसचा हात.

हर्णै_बंदर | दापोली

मी शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टलाही स्टेनलेसच लावलाय. उद्याच बदलतो. कुठल्या बोल्टच्या अंगात किती ताकद असते ते आकड्यांत लिहिलंत ते बरं झालं, इथे सगळे ‘स्टेनलेस सगळ्यात भारी’ एवढंच सांगतात.

सड्यावरचा | राजापूर

अवांतर: बुडाला काय लावता तुम्ही सगळे? आमच्याकडे जुनं इंजिन ऑइल फासतात.

बंदरावरचा | मिरकरवाडा

जुनं ऑइल रबर बुशांवर उडतं, वर वशिष्ठी ताईंनी लिहिलंय तेच होतं. होड्यांना आमच्या वाडवडिलांनी माशाचं तेल लावलं. अमेरिकेत रस्ट-ओलियम नावाची गंजरोधक रंगाची कंपनी १९२१ मध्ये निघाली ती त्यावरूनच, जहाजाच्या डेकवर माशाचं तेल सांडतं तिथे गंज धरत नाही हे तिच्या कप्तान असलेल्या संस्थापकाने पाहिलं होतं.

लाल_माती | लांजा

आणि गाडीमागून गावातल्या सगळ्या मांजरांची मिरवणूक निघाली तर?

सड्यावरचा | राजापूर

मांजरं परवडली, उंदीर वायरिंग खातात तेवढं तरी थांबेल.

नवा_आरसी | पनवेल

मध्येच विचारतो. ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नंबर घेता येतो ना? हेराल्ड बसेल त्यात.

अष्टागर | अलिबाग

हो, जुलै २०२१ चा केंद्राचा नियम. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी. नव्या नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षांसाठी, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्या नोंदणीला नंबरात ‘व्हीए’ येतं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. खाडीकाठ बाजारात गाडी नेत असतील तर नीट विचार करून ठरवा.

धाग्याशी संबंध असा की चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल केलेली गाडी या नियमात बसत नाही. ‘पार्ट मिळत नाहीत, त्यापेक्षा मारुतीचं इंजिन टाका’ असा सल्ला देणारे भेटतात. तो मानला की हा दरवाजा बंद.

खाडीकाठ | रत्नागिरी

मी दर रविवारी गणपतीपुळ्याला नेतो, त्यामुळे आहे तीच नोंदणी बरी. इंजिन तर मुळीच बदलणार नाही.

दाभोळ_फेरी | गुहागर

पेट्रोलबद्दल कुणी बोललं नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचे डायफ्राम, कॉर्कचे गॅस्केट यासाठी बनलेलेच नाहीत. माझ्या फियाटच्या पंपाचा डायफ्राम कडक होऊन चिरला, पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरलं. गेजवर ऑइल वाढलेलं दिसलं म्हणून कळलं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या जून-जुलैच्या हवेत टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली तर तळाला पाणी आणि इथेनॉल वेगळं साचतं, टाकी आतून गंजते.

वशिष्ठी | चिपळूण

+१. पेट्रोलच्या पाइपला एफकेएम, म्हणजे बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते आतलं अस्तर असलेला होज घ्या. डायफ्रामही त्याच मटेरियलचा किंवा इथेनॉलला चालणारा आहे असं विकणाऱ्याकडून लेखी घ्या. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी एक तर काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा.

खेर्डी_फाटा | चिपळूण

जुलै २०२१ च्या पुरात माझा माळ्यावरचा स्पेअरचा साठा वाचला, खालच्या कपाटातला सगळा गेला. बेअरिंगची खोकी चिखलात. तेव्हापासून सगळं व्हॅक्यूमच्या पिशव्यांत, आत सिलिका जेल, आणि पहिल्या मजल्यावर. जमवताय तर साठवायचं कसं हेही बघा. पार्ट शोधायला वर्षं जातात.

कुशेवाडा | वेंगुर्ला

आमच्या शेजारी बांद्यापलीकडे गोव्यात पोर्तुगीज काळात आलेल्या गाड्या अजून आहेत. एका नातेवाइकांची मर्सिडीज १८० आहे, पन्नासच्या दशकातली. तिचे पार्ट मिळवणं हेराल्डपेक्षा सोपं गेलं, कारण कंपनी स्वतः जुन्या गाड्यांसाठी विभाग चालवते आणि मूळ नंबर सांगितला की अनेक वस्तू आजही मिळतात. महाग, पण बसतात. आपल्याकडच्या स्टँडर्डसारख्या कंपन्याच उरल्या नाहीत, त्यामुळे आपल्यालाच एकमेकांचा विभाग व्हावं लागणार.

उद्यमनगर | कोल्हापूर, मूळ देवगड

धागा खूप उशिरा दिसला. खाडीकाठांचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत: काचेचं रबर आणि दाराची काच. मार्क थ्री ही भारतातच बनलेली चार दारांची गाडी, त्यामुळे स्पिटफायरची युक्ती इथे चालणार नाही. इंग्लंडात तुमचं मागचं दार कुणाकडे नाही.

दाराची काच: सपाट असेल तर अवघड नाही. शाबूत असलेल्या उजव्या काचेवरून प्लायवूडचा साचा करा, उलटा धरला की डावी काच. कापणं, कडा घासणं, पट्टीसाठी भोक असेल ते पाडणं, हे सगळं आधी आणि मग टफन (तापवून कडक) करून घ्यायचं. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, फुटून चुरा होतो. म्हणून साचा दारात बसवून, वर-खाली करून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

रबर: जिथे ते सर्वांत कमी आक्रसलंय, सहसा खालच्या बाजूला, तिथून बोटभर तुकडा धारदार ब्लेडने सरळ छेदून घ्या. छेदाची बाजू शिक्क्याच्या पॅडवर टेकवा आणि कागदावर दाबा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा. त्या ठशावरून प्रोफाइल, म्हणजे छेदाचा आकार, जुळवता येतं. काचेची खाच, पत्र्याची खाच आणि दोन्हींमधलं अंतर, ही तीन मापं जुळली तर बाहेरचा आकार थोडा वेगळा असला तरी चालतो. तयार प्रोफाइल सापडलं तर मीटरवर विकत मिळतं. नाही सापडलं तर डाय (रबर त्या आकारात काढायचा साचा) करावी लागते आणि मग कारखाना किमान लांबी सांगतो, ती एकट्याला परवडत नाही. ईपीडीएमच मागा, ६०-७० शोअर कडकपणाचं. कोपरे चिकटवून नको, व्हल्कनाइझ (तापवून एकजीव) करून घ्या, गळती तिथूनच होते.

आणि जे कुणी कोल्हापुरात काही ओतून घेणार असतील त्यांना एक सांगतो. जुना पार्ट थेट पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, म्हणून वापरू नका. बीड थंड होताना शेकडा एक आक्रसतं, ॲल्युमिनियम आणि ब्राँझ त्याहून थोडं जास्त. शिवाय मशिनिंगला माल सोडावा लागतो. थर्मोस्टॅटचं घर जुन्यावरून जसंच्या तसं ओतलेलं पाहिलंय, भोकं बोल्टांशी जुळेनात. आता स्कॅन करून, माप वाढवून पॅटर्न छापून मिळतो, काम सोपं झालंय.

खाडीकाठ | रत्नागिरी

उद्यमनगर, हेच हवं होतं. खबर देतो. दोन्ही ट्रुनियन सोडवले. डावीकडच्या लिंकच्या आट्यांच्या मुळाशी तांबूस रेघ होती, नखाला लागत होती. दोन्ही लिंक आणि ट्रुनियन स्पिटफायरच्या नंबरवरून ताडून मागवलेत, बंदरावरचा यांच्या काकांना पुढच्या खेपेसाठी जुना ठोकळा नेऊन दाखवणार आहे. ब्रेकच्या सगळ्या वस्तू आंबा घाटाने कोल्हापूरला स्लीव्हसाठी जातील. काचेचा साचा सुताराकडून करून घेतोय.

रबराचा ठसा काढला आहे, फोटो टाकतो. तयार प्रोफाइल सापडलं नाही तर डायचा खर्च वाटून घ्यायला अजून कुणी हेराल्डवाले आहेत का? मार्क टू चालेल का ते माहिती असणाऱ्यांनी सांगावं. स्टँडर्डचा कारखाना मद्रासचा, त्यामुळे चेन्नईकडच्या गटांतही विचारतो आहे.

कुशेवाडा | वेंगुर्ला

शिरोड्याला एक मार्क टू आहे, मालक माझे मामेभाऊ. रविवारी जाऊन त्याच्या रबराचाही ठसा घेतो आणि इथे टाकतो, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू. जुळला तर त्याच्यासाठी एक सेट धरा.

गजाली_कट्टो | मालवण

फियाटचा पण ठसो धाडू काय? कोंबड्यो बाहेर काढलंय.

उद्यमनगर | कोल्हापूर, मूळ देवगड

धाडा. फियाटचं तयार प्रोफाइल मिळतं, डाय लागायची नाही. ठशाबरोबर पट्टी ठेवायला विसरू नका.